मिरची गल्लीतला क्लोजअप

"डॉक्युमेंटरीत माणसाला मुद्दाम रडवायचं नाही," दादरच्या फिल्म क्लासमध्ये सौमित्र मुलांना शिकवत होता. तेवढ्यात दार धाडकन उघडून धोंडूकाका आत शिरले.

"मी रडलंय? मी?" त्यांनी मोबाइल नाचवला. "बापूस गेलो तेवा पण मी रडूक नाय!"

मोबाइलवर सौमित्रच्या नव्या डॉक्युमेंटरीचा ट्रेलर होता. बंद गिरणीबद्दल बोलताना काकांचे डोळे घळाघळा वाहत होते. आता हे शूटिंग झालं लालबागच्या मिरची गल्लीत, ऐन मसाल्याच्या दिवसांत, आणि काकांच्या पाठीमागेच मिरच्या कुटणं चालू होतं. सौमित्रने एडिटिंगला बसून कुटण्याचा आवाज पुसला आणि तिथे बासरी टाकली, बस.

"चाळीत तोंड दाखवूची सोय नाय! शेजारची कालिंदी शहाळा घेऊन इली. जावई म्हणता, डॉक्टरकडे चला, डिप्रेशन असता. आणि आमची लक्ष्मी! 'माझ्यासाठी कधी टिपूस गाळूक नाय, गिरणीसाठी बरो गाळलास!' कालपासून जेवणात मीठ नाय!"

"काका, त्या एका शॉटवर फिल्म फेस्टिवलला लागलीये हो."

"शॉट काढ! नायतर मी थेटरात उभो रवान बोंब मारतलंय."

"सर, पण तुम्हीच आत्ता म्हणालात की..." पहिल्या बाकावरून अपेक्षा म्हणाली.

"अपेक्षा, खाली बस."

शॉट काढला तर उरत काय होतं? गिरणीच्या जागी उभे राहिलेले टॉवर आणि बासरी. शेवटी सौमित्रने शॉटखाली पट्टी टाकली: 'हे अश्रू मिरचीमुळे आले आहेत.'

फेस्टिवलला भायखळ्याच्या हॉलमध्ये ती पट्टी पडद्यावर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय जळजळीत उपहास!" परीक्षक मेघनाबाई मोठ्याने म्हणाल्या.

काका उभे राहिले. "उपहास नाय ओ बाई, मिरची! संकेश्वरी!"

आणखी टाळ्या. मागून कोणीतरी 'कामगार एकजुटीचा विजय असो' ओरडला.

सौमित्रला बक्षीस मिळालं. दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचं तर नाहीच. त्या पट्टीसाठी, 'उपरोधाचा विशेष पुरस्कार'. रात्र रात्र जागून लावलेला एकेक कट वाया, आणि अख्ख्या फिल्ममधलं एकच वाक्य खरं, तर तेच लोकांना खोटं वाटलं! स्टेजवर काकांशेजारी ट्रॉफी धरून उभा असताना संतापाने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फटाफट फोटो निघायला लागले.

काकांनी आधी सगळ्या कॅमेऱ्यांकडे नीट बघून घेतलं. शर्टाची कॉलर सरळ केली. मग कोरड्या डोळ्यांनी सौमित्रच्या पाठीवर थोपटत माईक स्वतःकडे ओढला.

"गप रव रे सर. पुरुषान चारचौघांत असा रडूचा नसता."