पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल

टण्ण! डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि मस्कतच्या त्या बंद खोलीत फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. सुमंगलानं ते पायाखाली दाबलं. चटईवर चित्रं काढणाऱ्या क्षमानं मान वर केली.

"कुणाचा डबा?"

"बाबांचा. आज आपण रुवीला, बाबांच्या कंपनीत डबा द्यायला जायचं!"

"त्या काकांचा?" क्षमा म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली.

हेच ते काका! तिचा बाप सगुण कामाला मस्कतला आला तेव्हा क्षमा सहा महिन्यांची होती. आता साडेतीन वर्षांची. विमानतळावर तिनं त्याला हात जोडून "नमस्कार काका" केला होता, आणि सगुणनंही गोंधळून नमस्कार केला होता. घरकामाला आलेल्या माणसासारखा तो स्वतःच्याच लेकीपुढे अवघडून उभा राही. मायलेकींचा व्हिसा दोन महिन्यांचा. त्यातले बारा दिवस गेले होते. सुमंगलाच्या मनात एकच घोर: परत जायच्या आत या पोरीच्या तोंडून एकदा 'बाबा' निघायला हवं. तो कुठे बसतो, काय करतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं तर?

सकाळी निघताना सगुणनं बजावलं होतं, "कुठे जायचं झालंच तर टॅक्सी घे. पांढरी-नारिंगी. छोट्या बसच्या नादी लागू नको, ती कुठे थांबेल ते तिलाच ठाऊक. त्यापेक्षा मी येईपर्यंत घरातच बस."

"अहो, चोपड्याहून फेरीनं शिवोली, शिवोलीहून पायलट करून म्हापसा, म्हापशाहून बसनं पणजी! क्षमा पोटात असताना केलंय मी हे. मला वाटा शिकवता?"

आता आमच्या गोव्यात पायलट म्हणजे विमानवाला नव्हे हं! मोटारसायकलवर मागे बसवून पोचवणारा तो पायलट. पुढचा मडगार्ड पिवळा असला की ओळखायचं, हात करायचा, बसायचं. गोवा राज्य होऊन वर्ष झालं होतं, पण आमची माणसं त्याआधीपासून या पायलटांच्याच राज्यात फिरत होती.

दुपारी बाराच्या उन्हात डबा आणि क्षमा घेऊन सुमंगला रस्त्यावर उभी राहिली. टॅक्सी आली. काचा बंद, आत एक अनोळखी दाढीवाला. बंद गाडीत परक्या पुरुषाबरोबर? छे! छोटी बस आली. आत पुरुषच पुरुष, बरणीत कोंबलेल्या लोणच्यासारखे. तीही गेली. आणि मग पलीकडे, झाडाच्या सावलीत, चहाच्या दुकानासमोर तिला ती दिसली. मोटारसायकल! पुढचा मडगार्ड पिवळाधम्मक! सुमंगलाला देवळाचा कळस दिसल्यासारखं झालं. उघड्यावरची गाडी, सगळं गाव बघतं, भीती कसली?

पांढरा पायघोळ अंगरखा घातलेला एक म्हातारा रोट्यांची पिशवी हँडलला अडकवून किक मारत होता. सुमंगलानं क्षमाला त्याच्यापुढे टाकीवर बसवलं, स्वतः मागे एका बाजूला पाय सोडून बसली, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "रुवी! कंपनी!"

म्हातारा दगड झाला. त्यानं एकदा टाकीवरच्या पोरीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. काहीतरी लांबलचक बोलला.

"भाडं मागाहून बघूया हो!" सुमंगला म्हणाली.

बाईमाणसाला खाली ढकलता येत नाही आणि मागे बसवून बाजारातून जाताही येत नाही. म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं तिसरी वाट धरली. माणूस चालेल त्याहून सावकाश, अंड्यांची टोपली नेत असल्यासारखा, तो शेजारच्या गल्लीत वळला आणि एका दारापुढे थांबून हॉर्न वाजवत सुटला. सुमंगलाला त्यात वावगं वाटलं नाही. म्हापशाचे पायलटही वाटेत घरी सुंगटांची, म्हणजे कोलंबीची पिशवी टाकून मगच पुढे जातात!

दार उघडलं. म्हातारीनं आपला नवरा, त्याच्या पुढ्यात एक पोर आणि पाठीमागे एक तरणी बाई, असं तिघांना नीट पाहून घेतलं आणि जी सुरुवात केली! भाषा कळेना, पण सूर ओळखीचा. चोपड्याला सासूबाई मासळीवाल्याशी बोलतात तोच.

सुमंगलानं घाईघाईनं नोट पुढे केली. म्हातारा विंचू दिसल्यासारखा मागे सरला. म्हातारी एकदम थांबली.

"बॉम्बे? इंडिया?" तिनं विचारलं. डोळ्यांच्या ऑपरेशनला ती मुंबईत तीन महिने राहिली होती. "बेटी, ये टॅक्सी नहीं. ये मेरा आदमी है!"

सुमंगलाला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटलं. म्हातारी मात्र उंबऱ्यावरच बसून पोट धरून हसायला लागली.

मग खजूर आले, कडू कॉफी आली. पर्समधल्या चिठ्ठीवरून कंपनीत फोन गेला. अर्ध्या तासात सगुण घामानं निथळत दारात.

"अगो, परक्याच्या मोटारसायकलीर बसलंस? विचारूक तरी जाय होतां!"

"पिवळा मडगार्ड होता!" सुमंगला रडकुंडीला येऊन म्हणाली.

सगुण फिस्सकन हसला. "तीन वर्षां झाली, मी पण दर वेळी पिवळा मडगार्ड बघून थांबतंय," तो हळूच म्हणाला. "हात तेवढा करत नाय."

अंगणात क्षमा मोटारसायकलच्या टाकीवर बसली होती. म्हातारा तोंडानं भुर्र करत होता, ती खदखदत होती. सगुणनं हात पसरले. "ये गो बाय, घरा जाऊया."

क्षमानं म्हाताऱ्याचा अंगरखा घट्ट धरला. "मला आजोबांकडे राहायचं!"

सगुणचे हात तसेच राहिले. मग त्यानं ते खिशात घातले, आणि टॅक्सी बघतो म्हणत बाहेर गेला.

परतताना तो पुढे, चालकाशेजारी बसला. डबा गार झाला होता. सुमंगला त्याच्या मानेवरचा वाळत चाललेला घाम बघत होती. क्षमा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग आईच्या कानाशी लागली, पण आवाज काही तिला लहान करता आला नाही.

"आई, ते आजोबा आज एका दिवसात आजोबा झाले ना?"

"हो गं."

"मग काकांना बाबा व्हायला किती दिवस लागतील?"