वरच्या मजल्याचं पाणी आणि आमची न्यायमूर्ती

आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला परदेशी जावंच लागतं. घरी बसून शिकला की तो नुसता कायदा होतो, आणि नुसत्या कायद्याला हल्ली स्थळंसुद्धा बेताचीच येतात. माझ्या भाचीने हे वेळीच ओळखलं. तिला घरात लहानपणापासून 'न्यायमूर्ती' म्हणतात, कारण दोन भावंडांत भांडण लावून आपण मध्ये खुर्ची टाकून बसायची तिला उपजत आवड. अशी गुणी मुलगी परदेशी गेली नसती तरच नवल.

तिकडचा अभ्यासक्रम फार कसदार असतो. पहिल्या सत्रात 'चूक' हा शब्द विसरायला शिकवतात. कुठलाही देश चुकत नाही, तो 'वेगळी भूमिका घेतो'. दुसऱ्या सत्रात कुणाची खुर्ची कुणासमोर ठेवायची ते, आणि तिसऱ्यात चिंता व्यक्त करायला शिकवतात. चिंता तीन प्रकारची असते : साधी, गंभीर आणि तीव्र. (चौथी आईवडिलांची, ती अभ्यासक्रमात नाही.) उरलेला वेळ जुन्या इमारतींसमोर हाताची घडी घालून फोटो काढण्यात जातो. एका पाहणीनुसार या क्षेत्रातल्या झाडून सगळ्या यशस्वी माणसांचा असा फोटो आहे. (पाहणी मी केली. नमुना : भाची आणि तिची मैत्रीण.)

प्रबंधासाठी तिने विषय घेतला, वरच्या देशातून खालच्या देशात जाणारं पाणी. हे कळल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. कारण आमच्या दाजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी जात होतं. खाली तिचे सख्खे काका-काकू राहतात. पाणी नेमकं काकूंच्या पलंगावर, उशीच्या बाजूला गळायचं. भिंत ओलीने काळी पडलेली, काकूंना दमा, खोकून खोकून जीव मेटाकुटीला यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आधी खोली कोरडी करा, नाहीतर औषधं वाया. प्लंबर तयार होता, पण वरची फरशी फोडावी लागणार होती आणि दाजींची फरशी नवीकोरी. दोघे भाऊ जिन्यात रोज कडाकडा भांडायचे. शेवटी ठरलं, आता घरचीच तज्ज्ञ तयार होतेय, तर तिची वाट पाहू. (आणखी थोडं भांडले असते तर फरशी फुटली असती. पण घरात तज्ज्ञ असताना फरशी फोडणं बरं दिसत नाही.)

भाची सुट्टीवर आली आणि आल्या आल्या तिने भांडण बंद केलं. जिन्याचा मधला टप्पा तटस्थ म्हणून जाहीर झाला. तिथे दाजी 'वरचा पक्ष' झाले, काका 'खालचा पक्ष'. प्लंबरला निरीक्षकाचा दर्जा मिळाला, म्हणजे त्याने हजर राहायचं पण हत्यारं आणायची नाहीत. त्याला हा दर्जा इतका मानवला की तो दुसऱ्यांची कामंही आता नुसती बघून येतो.

मग तिने विचारलं, गळणाऱ्या पाण्याचं खाली काय होतं? काकू भोळेपणाने म्हणाल्या की बादली लावते, त्यावर जिना पुसून होतो. भाचीचे डोळे लकाकले. म्हणजे खालचा पक्ष वर्षानुवर्षं हे पाणी वापरतोय! मग ती गळती कसली? तो तर सामायिक जलस्रोत झाला, त्यावर खालच्यांचा वहिवाटीचा हक्क. वरच्या पक्षाने परस्पर पाइप दुरुस्त केला तर तो त्या हक्कावर घाला ठरेल.

हे ऐकून दाजी एकदम गंभीर झाले. धाकट्या भावाचा हक्क मी जन्मात मारणार नाही, असं म्हणाले. काकांनाही आपला काही हक्क आहे हे प्रथमच कळत होतं, त्यामुळे ते तो सोडायला तयार होईनात. दोघांनी सह्या केल्या, मिठी मारली. बादलीला 'संयुक्त मापन केंद्र' असं नाव पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या.

तेवढ्यात काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. धाप ओसरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान झालं गं. पण मी झोपू कुठे?"

माझी बहीण, म्हणजे तिची आई, नोकरीला जायची, तेव्हा ही मुलगी त्याच पलंगावर काकूंच्या कुशीत वाढली. तिचे डोळे खरोखर भरून आले, मी पाहिलं. तिने काकूंचा हात हातात घेतला.

"काकू, तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलंय," ती म्हणाली. घरचं माणूस म्हणून पहिले दोन प्रकार गाळून तिने थेट तीव्र चिंता व्यक्त केली.

त्या करारावर तिने निबंध लिहिला आणि तिचं नाव झालं. आज ती एका मोठ्या जागतिक संस्थेत कायमच्या जागेवर आहे. परिषदांमध्ये पडद्यावर पहिलं चित्र काकूंच्या छताचं असतं. प्रकरण अभ्यासासाठी खुलं ठेवलंय, त्यामुळे पाइपला कुणी हात लावत नाही. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून झोपायच्या. गेल्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात हलवलं. आता नळीतून श्वास चालू आहे. खोली मात्र अजून ओलीच आहे.

वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. एवढी साधी गोष्ट यांना कळू नये, असंही मनात आलं असेल. बरोबर आहे तुमचं. आता तुमच्याही बाथरूमच्या खाली कुणीतरी राहत असेलच. त्यांचं छत कोरडं आहे का, हे तुम्ही कधी जाऊन विचारलंत? नाही ना? मग भाचीच्या त्या अभ्यासक्रमाला अर्ज करून टाका. तुम्हाला प्रवेशपरीक्षा माफ आहे.