पायानं ऐकायचं गाणं

आमचे शेजारी व्यंकटराव साठी ओलांडल्यावर एका सीडीच्या प्रेमात पडले. भजनाची असती तर गल्लीनं कौतुक केलं असतं. ही होती डान्स-पंकची. पुण्याची भाची सुटीत आली, तो नवाकोरा अल्बम इथेच विसरून गेली आणि तो आमच्या नशिबी आला.

डान्स-पंक म्हणजे काय, हे मला त्यांच्याच अंगणात कळलं. चार पोरं वाद्यं बडवतात, एक घंटा टणटणते आणि गाणारा मेसवाल्याशी भांडल्यासारखा ओरडतो.

"शब्द तरी कळतात का?" मी विचारलं.

"शब्दाला काय करायचं, सर? हे कानानं न्हाई, पायानं ऐकायचं!"

आता आमची लातूरची गल्ली म्हणजे घरोघरी वरच्या मजल्यावर क्लासची पोरं भाड्यानं. परीक्षा जवळ आल्या की इथे बायका कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत. माझी मुलगीही बारावीला. ती केमिस्ट्री उघडून बसली रे बसली, की पलीकडून धाडधाड सुरू.

तक्रार घेऊन जावं तर हे गृहस्थ हात धरून बसवणार. "थांबा थांबा, आता सगळे गप होतेत बघा... आन् हां, मारली उडी!" उडी गाण्यानं मारायची, पण खुर्चीतून उठायचे व्यंकटराव. फिजिक्सच्या क्लासचे सर एकदा तणतणत गेले आणि पायानं ठेका धरतच परत आले. विचारलं तर म्हणाले, मुंग्या आल्यात. गॅसवाल्याला तर यांनी टाकी खांद्यावर असतानाच अख्खं गाणं ऐकवलं.

तसा माणूस आधीपासूनच तऱ्हेवाईक. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. स्वतःच्या घराला असे कॉलम घातलेत की वर आणखी चार मजले चढवावेत. पण भूकंपात किल्लारीकडे ढिगारे उपसायच्या कामावर गेले, आणि तिथून आल्यापासून स्लॅबखाली बसायला तयार नाहीत. जेवण-झोप सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकून विचारायचे, "हाललं का हो?" इतकी वर्षं मी "नाही हो" म्हणत आलो.

मुलीची पूर्वपरीक्षा आली आणि माझा संयम संपला. आज ती सीडी बंद पाडायचीच, असं ठरवून संध्याकाळी तावातावानं गेलो. शेड रिकामी. आवाज घरातून येत होता. आत गेलो आणि थबकलो. व्यंकटराव स्वयंपाकघरात, स्लॅबखाली, वहिनींच्या समोर बसून भाकरी खात होते. दणक्यानं ताटातली वाटी थरथरत होती आणि ते तिच्याकडे बघतही नव्हते.

मी प्लेअरकडे हात नेला तशा वहिनी उठून आडव्या आल्या.

"बंद नका करू, भाऊजी. भूकंपापासून घरात माझ्यासंगं एक घास खाल्ला नव्हता ह्यांनी. हे वाजत असलं की कशानं काय हाललं ते कळतच न्हाई त्यांना. आता रोज आत येऊन जेवायलेत."

व्यंकटरावांनी मान वर केली नाही. "लेकराची परीक्षा हाय, मला कळतंय सर," ते म्हणाले. "जेवण होईस्तोवर तेवढं राहू द्या."

मी हात मागे घेतला. "सावकाश जेवा," एवढंच म्हणालो.

घरी येऊन मुलीला पुस्तकांसकट मागच्या खोलीत बसवलं. तिथेही आवाज येतोच. पण त्यांचं जेवण होईपर्यंत आमच्या घरात आता कुणी कुरकुर करत नाही.