हरभरा की बोर

सई आणि ओम,

गेल्या रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत असताना माझ्या मागच्या भिंतीवर लाल ठिपका आला. ओम ओरडला, "आजी, खाली वाक, कुणीतरी नेम धरलाय!" मी वाकले नाही. उठले, ओट्यावरचं ताट घेतलं, खिडकीत जाऊन पळीने बडवलं आणि परत येऊन बसले. ठिपका गेला. तुम्ही दोघं पोट धरून हसत होता. तुमच्या आईच्या चेहऱ्यावर मात्र, आता आजीला एकटं ठेवणं बरं नव्हे, असं स्पष्ट दिसत होतं.

"लिहून कळवते" म्हणाले होते, ते हे. आताच लिहिते, कारण उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा तो ठिपका असेल की नाही, मला सांगता येत नाही. तो पाडणारा माणूस तरी इथे असेल का, तेही नाही.

नेम धरणारे म्हणजे तुमचे बापूआजोबा, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भावजी म्हणते. खोडदच्या बाहेर सडकेला लागून त्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, भावजी त्यात तांब्याची तार नव्याने भरायचे. काम चोख, पण वेळेवर कधी नाही. वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर. तो ते चहा पितानाही काढत नसत, त्यामुळे चहा नेहमी बशीच्या बाहेर.

"बापू, मोटर कवा देणार? मेथी वाळाय लागली राव," लोक विचारायचे.

"बत्ती झाली की लगीच."

बत्ती म्हणजे लेझर. "लेझर म्हणू नका, वैनी. लेझर कंपनीचा असतो. ही बत्ती हाय." बंद पडलेल्या एका डीव्हीडीच्या मशीनमधून त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा काढला, तो जुन्या टॉर्चच्या नळीत बसवला आणि त्याच्यापुढे त्याच मशीनचं इवलंसं भिंग एका पितळी चकतीत अडकवलं. मागे बॉलपेनची स्प्रिंग. चकती फिरवली की भिंग पुढे-मागे सरकायचं आणि दूरच्या भिंतीवरचा ठिपका लहान-मोठा व्हायचा. चकती केसभर फिरली तर भाकरीचं लिंबू व्हायचं, आणि अर्धा केस जास्त झाली की लिंबाची पुन्हा भाकरी.

हा उद्योग कशासाठी, तर शांतासाठी. शांता म्हणजे माझी जाऊ. तिचे कान हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची हाक, मग कुकरची शिट्टी. तिला कानात घालायचं यंत्र आणलं. तिने दोन दिवस घातलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. "लई वरडत्यात वो भांडी," म्हणाली. मग थरथरणारा मोबाइल कमरेला खोचून दिला. पहिल्याच फोनला अंगावर झुरळ चढलं समजून तिने तो झटकला, तो थेट हौदात.

आमच्याकडून रेडिओ-दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या दिसतात ना, ज्या आभाळाकडे तोंड करून असतात? भावजी त्यांच्याकडे बोट करून म्हणायचे, "ह्यास्नी चांदण्यांचं ऐकू येतंय, आन माझ्या बायकूला चुलीम्होरचं न्हाई. कुणाला म्हणायचं?"

शांताचं स्वयंपाकघर वावराच्या एका टोकाला, दुकान दुसऱ्या टोकाला. दुकानाची खिडकी आणि तिचं मागचं दार अगदी समोरासमोर. भावजी जेवायला निघाले की खिडकीतून बत्ती दाबायचे. चुलीमागच्या भिंतीवर ठिपका पडायचा, शांता तवा ठेवायची आणि दारात येऊन फडकं झटकायची. नेमाचा एक कायदा होता: "माणसाच्या वर, देवाच्या खाली." उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून तिच्या डोक्याच्या वर आणि देवाच्या फळीच्या खाली. त्यासाठी खिडकीच्या चौकटीला त्यांनी बत्ती ठेवायची खाचच पाडली होती. हे बोलणं पुढे त्यांच्या तोंडी बसलं. लग्नपत्रिकेत नाव कुठे छापायचं विचारलं, तरी हेच उत्तर.

त्या कायद्यापायी वावरात ऊस लागला नाही. चारी बाजूंनी उसाचं रान, बिबट्याने खुशाल पिल्लं घालावीत असं, आणि मधोमध आमची मेथी. तुमचे आजोबा वैतागायचे. "बापू, उसाला पाणी आहे, कारखाना जवळ आहे, आणि आपण काय गुडघ्याएवढं पीक घेत बसायचं?"

"दादा, उजेड वाकत न्हाई. पिकानंच वाकलं पायजे."

कांदा, भुईमूग, मेथी. उजेडाच्या खालून जाईल तेच आमच्या वावरात पिकलं.

आता त्यांचं खरं वेड. ठिपका लहान करायचा. शांता स्वयंपाकघरातली, तिने मापं ठरवली: भाकरी, लिंबू, बोर, हरभरा. भावजींना हरभरा हवा होता. दुपारी पानावर बसले की पहिला घास घ्यायच्या आधी ते भुवया उंचावून हाताची पाची बोटं जुळवायचे. म्हणजे, आज केवढा? शांता बोटांनी दाखवायची आणि वर मोठ्यांदा सांगायची, कारण आपण किती मोठ्यांदा बोलतो हे तिला कळत नसे. "लिंबूऽऽ!" मग जेवण उरकून भावजी दुकानात जायचे, कंपासपेटीतला करकटा घ्यायचे आणि चकती फिरवायचे. दुसऱ्या दिवशी "बोरऽऽ!" तिसऱ्या दिवशी पुन्हा लिंबू. माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं. मला वाटायचं, हे जेवण चाललंय की बाजार?

एकदा शांता ओरडली, "झाला, झाला! हरभरा!" मी सुद्धा धावत गेले. तुमच्या आजोबांनी शिस्तीत सांगितलं, "आता ती चकती एका थेंबाने चिकटवून टाक आणि लोकांच्या मोटारी भर." भावजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा "लिंबूऽऽ!"

"काल झाला होता ना?" मी विचारलं.

"त्यो खरा नव्हता, वैनी. घाईचा हरभरा व्हता."

चिकटवायची ट्यूब दुकानात कायम असायची. तिचं टोपण त्यांनी कधी उघडलं नाही.

शांता दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी उठली नाही, एवढंच. तेराव्यानंतरच्या दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होते आणि चुलीमागच्या भिंतीवर ठिपका आला. मी नुसती बघत उभी राहिले. फडकं झटकायला हवं हे मला सुचलं नाही. ठिपका बराच वेळ थांबला आणि गेला.

तो रोज येऊ लागला. मीही त्या वेळी तिथे जाऊ लागले. दुकानातून फोन यायचा.

"वैनी, केवढा?"

"बोर."

"न्हाई हो. मला हितनं भाकर दिसतीया. फाटकी भाकर."

"अहो, मी भिंतीला नाक लावून उभी आहे. बोर आहे."

"तुमी इंग्रजी शिकल्याली माणसं. तुमास्नी बोर म्हाईत हाय का?"

मग रोज भिंग बाहेर, पुसलं, पुन्हा आत. स्प्रिंग बदलली, नळी बदलली. तरी फाटकी भाकर. त्याच दिवसांत ते सगळ्यांशी भांडू लागले. सुताराने चौकट वाकडी बसवली म्हणाले. सडकेवरचा विजेचा खांब मधून वाकलाय, पडून माणूस मरेल, म्हणून माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. वायरमन आला, ओळंबा लावला. खांब सरळ होता. "काय बापू, सकाळीच घेतली का?" असं तो हसत म्हणाला. भावजी हसले नाहीत. चष्मा काढून खांबाकडे बघत राहिले. मी पहिल्यांदाच बघितलं, की खांबाकडे बघताना ते मान तिरकी करतात, जणू एका बाजूने डोकावून बघावं लागतंय.

मी त्यांना नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज झाली आहे. कडेचं दिसेल, मधलं जात राहील. गेलेलं परत येत नाही.

गावात तोवर एकच बोलणं होतं, बापूचे डोळे त्या बत्तीनं खाल्ले. भावजी खुर्चीच्या काठावर बसले होते.

"डाक्टर, बत्तीनं झालं का हे?"

मी बत्ती काय ते समजावून सांगितलं. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "नाही आजोबा. असला उजेड वाईटच, खेळू नका त्याच्याशी. पण हे त्याच्याने नाही. हे वयाचं आहे."

"नक्की?"

"नक्की."

एवढंच त्यांनी विचारलं. औषधाचं नाही, किती दिवस दिसेल याचं नाही. परतताना रिक्षात ते गुणगुणत होते. मी डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचत होते आणि हा माणूस गुणगुणत होता. खोडदचा फाटा आल्यावर म्हणाले, "बरं झालं. तिच्यापायी न्हाई झालं. लोकं उगाच तिच्या नावानं बोलली असती."

त्यानंतर महिन्याभरात विलासने, त्यांच्या मुलाने, चाकणहून फोन केला. "अप्पा, इकडं या. दुकान बंदच हाय, तर वावरात ऊस लावून टाकू."

मला वाटलं, भांडण होणार. भावजी म्हणाले, "लाव."

ऊस लागला. आता तो छातीच्या वर गेला आहे. शांताचं दार दुकानातून दिसत नाही, बत्ती तर लांबच. तोडणी झाली की विलास त्यांना घेऊन जाणार आहे. मी पुष्कळ बोलून पाहिलं. विलासचंही चुकतं असं मला म्हणता येत नाही.

महिन्यापूर्वी भावजी काठी टेकत माझ्याकडे आले. माझं घर टेकाडावर, म्हणून इथे उसाच्या वरून उजेड पोचतो. म्हणाले, "वैनी, तुमची भिंत द्याल का? पण लांब हाय, चकती परत लावावी लागंल. मला टिपका दिसत न्हाई. तुमी बघा आन फोनवर सांगा. माणसाच्या वर, देवाच्या खाली."

तिन्हीसांजेला मी भिंतीपाशी उभी राहिले. त्यांनी तिकडे चकती फिरवायची आणि मी इकडून सांगायचं.

"भाकरी. भाकरी. लहान होतेय. लिंबू. थांबा, पुढे गेलात, परत भाकरी. मागे. लिंबू... बोर."

"कंचं बोर?"

"अहमदाबादी."

"मग अजून थोडं."

"हं. गावठी बोर. आता मोठा होतोय, मागे घ्या. बस." मी जवळ जाऊन पाहिलं. "भावजी, खरं सांगते. हरभरा नाही. बोरच आहे."

तिकडे ते हसले. "हरभरा कवाच व्हत नव्हता, वैनी. असल्या मशिनीचं भिंग ते, बोराच्या खाली जाईल कुठनं? मी पैल्याच साली तिच्या भिंतीला पट्टी लावून बघितलं व्हतं."

"मग शांता त्या दिवशी झाला म्हणाली, ते?"

"मला बरं वाटावं म्हणून म्हणली असंल. म्या घाबरून सांजच्यालाच चकती फिरवली."

"घाबरून?"

"तिला काय सांगावं तर ऐकू येत न्हाई. तीबी मग बोलंना झाली व्हती. दिसभरात येवढंच बोलणं व्हतं आमचं, केवढा म्हणून. चकती चिकटवली असती, तर जेवताना इचारायचं काय?"

मी पुन्हा ठिपक्याजवळ जाऊन पाहिलं.

"बोर हाय ना? हलला तर सांगा. चिकटवतो आता."

ट्यूबचं टोपण वाळून घट्ट झालं होतं. ते दाताने उघडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला.

मी भिंतीपाशी फडकं झटकलं तर त्यांना दिसणार नाही. म्हणून ताट.

दुकान बंद आहे. शांताच्या भिंतीवर आता काही पडत नाही. माझ्या भिंतीवर दिवेलागणीला बोराएवढा ठिपका येतो, आणि मी ताट वाजवते.

तुमची,
आजी