देवघरातला सेनापती

मी जिंकणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चाकणच्या आमच्या कंपनीत लाईनवर सगळ्यांना सांगून झालं होतं, कॅन्टीनमध्ये सांगून झालं होतं. कंपनीच्या बसमध्ये तर शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "अजिंक्यभाऊ, आता जरा झोपू द्या की लोकांना."

स्पर्धा कसली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्या बायकोसारखे "बाहुल्यांची" म्हणून मोकळे व्हाल. बाहुल्या नाहीत हो, लढाई! एका मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर आणि थर्माकोलचे बुरूज मांडायचे. दोघांनी आपापली अंगठ्याएवढ्या शिपायांची फौज उतरवायची. टेपनं अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. फौज पूर्ण रंगवलेली हवी. तिला सेनापती हवाच, आणि त्याचा फोटो आधी पाठवायचा. ज्याचा फोटो पाठवला तोच टेबलावर उभा करायचा, ऐन वेळी दुसरा चालत नाही.

खरं सांगू? मला करंडकाचं एवढं काही नव्हतं. पण आजवर माइकवरून माझं नाव कधी कुणी घेतलेलं नाही. क्रिकेटमध्ये मी स्कोअर लिहायचो, गणपतीत खुर्च्या लावायचो, लग्नात वाढपी. एकदा तरी भरल्या हॉलमध्ये माइकवरून 'अजिंक्य' असं ऐकू यावं आणि आपण केसांवरून हात फिरवत उठावं, एवढीच हौस होती. म्हणून पावसाळाभर डोळे फोडून फौज रंगवली. सेनापतीवर तर जीव ओतला. घोड्यावर बसलेला, उजव्या हातात उगारलेली तलवार, अंगभर पितळी रंग.

मला या नादाला लावणारा सोहेल आमच्याच कंपनीत पेंट शॉपला आहे. स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी तो आमच्या दिघीच्या घरी आला आणि गच्चीवर सेनापतीवर क्लिअर कोट मारून दिला.

"भावा, उद्या दिवसभर सुकू दे," तो म्हणाला. "पण धूळ नको. एक कण बसला तरी पीस रिजेक्ट."

पेंट शॉपची माणसं सापाला भीत नसतील एवढी धुळीला भितात. आणि आमच्या घरासमोरून दिवसभर खडीचे डंपर जातात. कपाटात धूळ, फ्रीजवर धूळ, झाकलेल्या भांड्यातसुद्धा धूळ. सबंध घरात काचेचं दार असलेली आणि रोज पुसली जाणारी जागा एकच, ती म्हणजे आईचं देवघर. आईची सांजवात झाल्यावर मी दार उघडलं, देवांना हात जोडले आणि सेनापतीला मागच्या कोपऱ्यात उभं केलं. सकाळी आईच्या पूजेआधी काढून घेऊ म्हटलं. सकाळी फर्स्ट शिफ्टची बस आली, मी धावत सुटलो आणि विसरलो.

दुपारी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. आत पाऊल टाकतोय तोच गोजाबाईआत्यानं माझं मनगट धरलं.

"आला बघा घरचा कर्ता. धर रं, तळी धर."

"कशाची तळी?"

"आदी उचल, मग इचार."

तबकात भंडारा, खोबरं, पानसुपारी. शेजारच्या चौघांनी आधीच हात लावले होते, पाचवा मी लावला. येळकोट येळकोट, जय मल्हार! तीनदा तळी उचलली, कपाळाला भंडारा लागला, तोंडात खोबरं आलं, तरी काय चाललंय ते मला कळेना. मग देवघराकडे नजर गेली. तिथे चौरंगावर, झेंडूच्या फुलांत, डोक्यापासून घोड्याच्या शेपटीपर्यंत पिवळाधमक होऊन माझा सेनापती उभा होता.



आमचा खंडोबाचा जुना टाक झिजून सपाट झाला होता. नवा करायला आईनं चिंचवडच्या सोनाराकडे सांगितलं होतं आणि तो आणायचं काम माझ्या बायकोकडे, मंजुषाकडे होतं. कारण तिचं ऑफिस चिंचवडला. सकाळी आईनं देवघर उघडलं, तर आत पितळेचा घोडेस्वार.

"सूनबाईनं गुपचूप आणून ठिवला," आई कौतुकानं सांगत होती. "आन टाक न्हाई, आख्खी मूर्तीच केली. लई गुणाची पोर हाय."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मंजुषाला 'गुणाची पोर' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. आता खरं सांगून तिचे मार्क कसे कापायचे? मी आणखी खोबरं खाल्लं.

संध्याकाळी मंजुषा ऑफिसातून आली ती हातात लाल डबी घेऊनच. "आई, आज दिला बाई एकदाचा सोनारानं टाक," ती म्हणाली. आईनं डबी उघडली. टाकाकडे बघितलं. चौरंगाकडे बघितलं.

"मग ह्यो कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं गुन्हेगार चेहऱ्यावरूनच ओळखू येतो.

"आई, तो माझा सेनापती आहे. उद्या लढाईला न्यायचाय."

"घोड्यावर हाय का?"

"आहे."

"तलवार हाय का?"

"आहे, पण..."

"पिवळा हाय का?"

"अगं, तो तू केलास!"

"मग झालं की. खंडोबाच हाय."

गोजाबाईआत्याला वेगळीच काळजी. "आन लढाईत ह्याला कुनी मारलं म्हंजी?"

"मेला तर टेबलावरून उचलून बाजूला ठेवतात," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं. अजून बसलेल्या शेजारच्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले आणि एकीनं उगाचच मंजुषाच्या पाठीवरून हात फिरवला.

मी सोहेलला फोन करून बोलावून घेतलं. त्यानं मोबाईलच्या टॉर्चमध्ये सेनापती फिरवून फिरवून बघितला, नखानं खरवडला, वास घेतला. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतो तसं बघून म्हणाला, "कोट ओला असताना हळद बसलीय. आता नाही निघत भावा. हीच फिनिश समज."

"मग उद्याचं काय?"

"मला काय विचारतो? काकींना विचार."

काकी, म्हणजे माझी आई, ठाम होती. तळी भरलेला देव उठवून खेळायला न्यायचा नाही. मी रडकुंडीला आलो. अख्खा पावसाळा, अख्खी लाईन, बसचा ड्रायव्हर, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. शेवटी मंजुषा म्हणाली, "आई, मानानं नेला तर? तुम्हीच घेऊन चला की. उद्या रविवार, त्याचाच वार आहे." ती मला वाचवत होती की 'गुणाची पोर' हुकल्याचा सूड घेत होती, ते मला अजून समजलेलं नाही.

अशा तऱ्हेनं रविवारी चिंचवडच्या हॉलमध्ये माझी फौज दाखल झाली. पुढे नवी नऊवारी नेसून आई, मागे भंडाऱ्याची पिशवी घेऊन आत्या, आणि मध्ये दोन्ही हातांनी तबक धरून मी. तबकात सेनापती. बाकीची फौज चपलांच्या जुन्या खोक्यात, माझ्या काखेत.

नोंदणीच्या टेबलावर मोनिका नावाची पंच होती. मी पाठवलेला फोटो तिनं बघितला, मग तबक बघितलं, मग पुन्हा फोटो.

"हाच आहे का?"

"ह्योच," आई म्हणाली. "कालच बसवला."

मोनिकानं नियम चाळले, पण बहुतेक तिला काही सापडलं नाही. तिनं आम्हाला टेबल दिलं.

पहिला सामना सुजित नावाच्या आयटीवाल्या मुलाशी. त्याचे फासे मखमली पिशवीत होते, यावरून काय ते समजा. त्यानं टेप लावली. माझा सेनापती त्याच्या टप्प्यात होता. त्यानं फासे मुठीत घेतले.

"बाळा," आईनं विचारलं, "तुमचं कुलदैवत कंचं?"

"खंडोबा. जेजुरी."

"बरं. टाक मग फासे."

सुजितची मूठ तशीच राहिली. त्यानं सेनापतीकडे बघितलं, मोनिकाकडे बघितलं, हळूच फासे खाली ठेवले आणि म्हणाला, "मी त्या डावीकडच्या शिपायावर टाकतो."

त्यानं डावीकडचा मारला, उजवीकडचा मारला, मागचे सगळे मारले. त्याचे शिपाई सेनापतीला वळसा घालून पुढे जायचे. एकानं तर मला वाटतं पूर्ण प्रदक्षिणाच घातली. मी म्हटलं ठीक आहे, त्याला कुणी मारत नाही ना, मग मीच त्याच्या हातून चार मारतो. फासे उचलले तर आत्या कडाडली, "देवाच्या हातनं लेकरं मारतोस व्हय रं?"

मी फासे खाली ठेवले. थोडक्यात, हल्ला करता न येणारा आणि मारताही न येणारा सेनापती घेऊन मी लढत होतो. हरलो.

हरलं तरी तिन्ही सामने खेळायचेच असतात. दुसरा सामना सोहेलशी लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हटलं हा तरी सरळ लढेल. पण आईनं तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "काकी, आमचे आजोबा जेजुरीला जायचे. देवाला मल्लूखान म्हणायचे ते. मी नाही बुवा हात लावणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाकीच्यांना मात्र सोडत नाही हां भावा." आणि खरंच एकाला सोडलं नाही. याला म्हणतात मैत्री.

तिसऱ्या सामन्यापर्यंत तर गोंधळच झाला. कुणीतरी खेळाआधी आपले फासे सेनापतीच्या पायाला लावून गेला आणि त्याला सगळे सहा पडले. झालं! आमच्या टेबलापाशी रांग लागली. आत्या एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत होती, आई "नीट खेळा रं पोरांनो" म्हणत होती. माझा प्रतिस्पर्धी कोण होता ते मला आठवत नाही, कारण तोही रांगेत होता. मीही शेवटी रांगेत उभा राहिलो, पण माझा नंबर येईपर्यंत मी हरलो होतो.

बक्षिसं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं, कशातच मी नव्हतो. शेवटचं बक्षीस उत्कृष्ट रंगकामाचं. मोनिकानं माइक हातात घेतला.

"एका सेनापतीवरचा पिवळा रंग सगळ्या पंचांना फार आवडला. खाचांत दाट, कडांवर विरळ, जसा काही वर्षानुवर्षं अंगावर चढलेला. असा हात सहजासहजी बघायला मिळत नाही."

राव, आला क्षण. मी शर्ट खाली ओढला, तबक सावरलं, खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा.

"फक्त एक विचारायचंय," मोनिका म्हणाली. "पाठवलेल्या फोटोत हा रंग नव्हता. हा कुणी केला?"

माझं तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, मी काय बोलणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"म्या केला," शेजारून आवाज आला. "आदी वल्या बोटानं हळद लावली, मग वरनं कोरडी उधळली."

"मग रंगकामाचं बक्षीस रंगवणाऱ्यालाच जातं. आजी, तुमचं नाव?"

माइकवरून नाव पुकारलं गेलं. सबंध हॉल उठून टाळ्या वाजवत होता, सुजितनं तर येळकोटसुद्धा केला. आई केसांवरून हात फिरवत उठली. करंडक घेतला, माइकही घेतला आणि सगळ्यांना दिघीला जेवायला बोलावलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं की. पण टाळ्या मीही वाजवल्या असत्या, दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचा फोटो सगळ्यांना आला. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं मोबाईल पुढे धरून विचारलं, "अजिंक्यभाऊ, ह्यात तुम्ही कुठं आहात?"

फोटोत मधोमध आई, हातात करंडक. शेजारी आत्या. आणि डाव्या कडेनं हळदीचं तबक धरलेली चार बोटं आत आलेली दिसतात. तो मी.