मास्तरांचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती, पण स्वतःची बायको तेवढी राहून गेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अकरा वर्षांपूर्वी तिने तीन धडे घेतले. तिन्ही दिवस गाडी दर वळणावर आचका देऊन बंद पडली, मास्तर दर वेळी "अहं! क्लच सोडलास!" म्हणाले आणि चौथ्या दिवशी तिने किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. "माझ्या हातात गाडी चालतच नाही," असं ती चारचौघांत हसून सांगायची. मास्तरांना मात्र तो धंद्याला लागलेला डाग वाटायचा, आणि निवृत्त होण्याआधी त्यांना तो पुसायचा होता.

मार्ग तिनेच काढला. "आधी तुम्ही काहीतरी नवीन शिका. मग बसते मी गाडीत."

"काय शिकू? सांग तू!"

तिने भाचीकडे बोट दाखवलं. बहिणीची ही मुलगी तलावावरच्या क्लबात विंडफॉइल शिकवायची. विंडफॉइल म्हणजे शीड लावलेली फळी, आणि फळीच्या पोटाखाली दांड्याला बसवलेला धातूचा पंख. वेग आला की फळी पाण्यातून वर उठते आणि पाण्यात नुसता पंख उरतो.

"पाण्याच्या वर दहा आकडे मोजेपर्यंत टिकून दाखवा," बायको म्हणाली. "नाहीतर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही."

"दहा? शंभर मोज!"

रविवारी सकाळी मास्तर हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवून फळीभोवती फिरले. विद्यार्थी होण्याची सवय मोडलेली असली तरी कुतूहल शाबूत होतं.

"क्लच कुठे?"

"नाही, काका."

"ब्रेक?"

"हातात. शीड सैल सोडलं की वेग गेला. पायात फक्त वजन. पुढच्या पायावर दिलं की फळी खाली, मागच्या पायावर दिलं की वर. जाताना उजवा पाय पुढे ठेवायचा, येताना डावा."

"सोपं आहे," मास्तर म्हणाले आणि सात वेळा पडले.

आठव्यांदा निघाले. भाची शेजारून मोटरबोट हाकत होती. शीड भरलं, फळी जरा उठल्यासारखी झाली, मास्तरांनी "अहं!" केलं आणि फळी पाण्यावर बसली. पुन्हा वेग, पुन्हा "अहं!", पुन्हा बैठक. असं करत पलीकडचा काठ आला, पण फळी काही बोटभरही उठली नाही.

"वाराच नाही!" मास्तर ओरडले. भाचीची टोपी तेवढ्यात उडून तलावात गेली.

परतताना डावा पाय पुढे आला. फळी उठू लागली. "अहं!" केलं, तर ती आणखी उठली. "अहं, अहं!" म्हणताच तिचं नाक आभाळाकडे वळलं, पंख पाण्याबाहेर आला आणि मास्तर शिडावरून पलीकडे गेले. नाकातोंडात पाणी गेलं.

"काका, एवढं दाबू नका!"

"मी काहीही दाबलेलं नाही!"

हे तीनदा झालं. जाताना फळी चिकटून बसायची, येताना उधळायची. भाचीने पंखाचे स्क्रू तपासले, मग फळीच बदलली. नवी फळीही तशीच वागली. धक्क्यावर बघे जमले. एकाने वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्याने मास्तरांच्या पोटाला.

बायको इतका वेळ काठावरून पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "मला बोटीत घे गं. जवळून बघायचंय."

चौथ्या परतीच्या वेळी बोट फळीच्या अगदी जवळ होती. बायको शिडाकडे पाहत नव्हती, पंखाकडेही नाही. फळी उठली, "अहं!" ऐकू आलं आणि तिने चमकून मास्तरांच्या पायांकडे पाहिलं.

"काका, पुढे झुका!" भाची ओरडली.

मास्तर घाबरून पार वाकले. अंग पुढे, पाय मागे दाबलेला, असा कसा कोण जाणे तोल जमला आणि फळी हवेत स्थिर झाली. बायको मोजू लागली. सहानंतर तिचा आवाज बारीक झाला, पण तिने आकडा गाळला नाही. "दहा!"

धक्क्यावर टाळ्या पडल्या. मास्तर पाण्यात पडले तेसुद्धा हसतच.

"बघितलंस?" ते बोटीला लटकत म्हणाले.

"बघितलं. गाडीत तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना?"

"शिकवणाऱ्याच्या असतोच की."

"तो कोणत्या पायाने दाबतात?"

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी पाण्यातल्या आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"जाताना तोच पाय पुढे, म्हणून फळी बसते," भाची हळूच म्हणाली. "येताना तोच मागे. काका, तुम्ही अख्खा वेळ ब्रेक मारताय!"

क्लबामागे मोकळं मैदान होतं. स्कूलची गाडी तिथेच उभी होती. मास्तर सवयीने आपल्या जागेकडे निघाले.

"मागे बसा," बायको म्हणाली. पुढे तिच्याशेजारी भाची बसली, पाय सीटवर घेऊन.

पहिल्या वळणावर मागून "अहं!" आलं. गाडी वळली. दुसऱ्या वळणावरही आलं, आणि गाडी तिथेही वळली. चारही वळणं संपली तरी इंजिन चालूच होतं. बायकोने गाडी उभी केली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला रागही आला होता.

"अकरा वर्षं मी लोकांना सांगत होते, मला जमत नाही म्हणून."

"क्लच नव्हता सोडलास तू," मास्तर म्हणाले. विद्यार्थ्यांपैकी कोणी त्यांचा एवढा बारीक आवाज ऐकला नसेल. "मीच ब्रेक दाबत होतो. मला भीती वाटायची."

"कळलं," ती म्हणाली. "आता उतरा. मला अजून फेऱ्या मारायच्यात."