स्क्रूखालचा रंग

दगाआबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका मोटारीचं दार चाटत होते.

मी धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि आग्रा रोडला लागून असलेल्या गल्लीत खोली घेतली होती. ट्रंक घेऊन गल्लीत शिरतो तर समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये धोतर-टोपीतले साठीचे एक गंभीर गृहस्थ मोटारीच्या उघड्या दाराशी उकिडवे बसलेले, आणि बिजागरीला जीभ लावताहेत. मी जागीच थांबलो. त्यांनी जीभ आत घेतली, बिजागरीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळख ना पाळख, मलाच विचारलं, "तुम्ही नवा मास्तर ना? हाऊ कोन्ता रंग शे, सांगा बरं."

मी म्हणालो, काळा. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पुढे नापास मुलांकडे बघताना मला कधी जमली नाही. रंग गडद हिरवा होता.

जुन्या मोटारी पुन्हा नव्यासारख्या करून देणं हा आबांचा धंदा. इंजिनाचं काम ते दुसऱ्यावर सोपवत. पत्रा ठोकायला माणूस होता. त्यांचा जीव अडकलेला असे तो दारांच्या लोखंडात. बिजागऱ्या, हँडल, कुलपाची पट्टी, दार अडकवणारा खटका. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा यातल्या कशावर कोणता रंग होता, कशावर निकेल होतं आणि कशाला नुसतं तेल पुसलं होतं, हे कळल्याशिवाय ते ब्रश हातात घेत नसत. "वरना रंग खोटं बोलस," ते म्हणत. "स्क्रूना खालना बोलत नही."

त्यांचं शास्त्र साधं होतं. स्क्रूच्या डोक्यावर रंग आहे पण खाली नाही, तर बिजागरी आधी बसवली आणि दार मागाहून रंगवलं. खालीही रंग आहे, तर बिजागरी सुटी रंगवून मग बसवली. आणि उडालेला, पांढुरका पडलेला रंग ओला केला की क्षणभर आपल्या मूळ रूपात येतो. पाणी घसरून जातं, रॉकेल रंग खातं, म्हणून जीभ.

हे शास्त्र ते स्थळ-काळ न बघता वापरत. सोनगीरच्या एका लग्नात नवरदेवासाठी कोणाची तरी जुनी विलायती गाडी मागून आणली होती. वऱ्हाड अक्षता टाकत असताना आबांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या मागच्या दाराची एक बिजागरी सोडवली. वर काळा, खाली लाल निघाला, तेव्हा ते इतके हरखले की दुसऱ्या बिजागरीलाही हात घातला. तेवढ्यात जेवणाची पंगत बसली आणि आबा विसरले. वरात निघाली तेव्हा दार नवरदेवाच्या हातात आलं. सोनगीरपासून धुळ्यापर्यंत तो मुंडावळ्यांसकट दार छातीशी धरून बसला होता. मुलीकडची माणसं अवाक. आबा मात्र गाडीमागून सायकल मारत ओरडून सांगत होते की दार जपून धरा, मूळचा रंग आहे.

अशा माणसाकडे जळगावच्या एका डाळमिलवाल्या शेठनी आपल्या वडिलांची मोटार पाठवली. लढाईच्या आधीची गाडी, वीस वर्षं गोदामात पोत्यांखाली. नव्या मिलच्या मुहूर्ताला ती दारात उभी करायची होती. शेठचं म्हणणं एवढंच होतं की सगळं चकचकीत पाहिजे. आबांनी मान डोलावली आणि दोन महिने फक्त दारांवर घालवले. एकेक भाग काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवला, डब्यावर चिठ्ठी. रंगाचं नाव लिहायला मी.

गाडी मूळची गडद हिरवी निघाली. त्यावर निळा. निळ्यावर काळा. इथवर काही विशेष नव्हतं. पण आबा एका संध्याकाळी माझ्या दारात आले ते डोकं धरूनच.

"मास्तर, निळाले ऊन लागेल नही. निळा आनि काळाना मझार धूळ बी नही."

मला बोध होईना. मग त्यांनी समजावलं. हिरवा रंग चांगला सात-आठ वर्षं वापरलेला, उन्हानं विटलेला. निळा मात्र कोवळा. चार-सहा महिन्यांतच कोणीतरी त्याच्यावर काळा मारला होता. एवढा चांगला रंग काबर झाका व्हई, हे त्यांना उमगेना. जेवण सुटलं. नदीवर फिरायला जाणं बंद झालं. शेजारच्या अक्का मला विचारू लागल्या की आबांच्या घरी काही वाईट झालंय का. घरी त्यांच्या कोणी नव्हतंच.

आठवड्यानंतर डाव्या बाजूच्या मागच्या दाराची कुलपाची पट्टी त्यांनी ब्लेडनं खरवडायला घेतली. काळा रंग पापुद्र्यासारखा सुटला. खाली निळा आणि निळ्यात तीन आडव्या रेघा, त्यांतून मूळचा हिरवा दिसणाऱ्या. आबांनी माझा हात धरून त्या रेघांजवळ नेला. माझी बोटं त्यांच्यापुढे केळ्याएवढी दिसत होती. ओल्या रंगातून कोण्या लहान लेकरानं बोटं ओढली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पट्टी फडक्यात गुंडाळून आबा मला घेऊन एस.टी.नं जळगावला निघाले. रंग ठरवण्याआधी मालकाला विचारायला हवं, एवढंच बोलले.

शेठनी पट्टी पाहिली, पण निळी मोटार त्यांना आठवतच नव्हती. ते त्या वेळी रांगत असतील. त्यांनी आईला बोलावलं; घरात सगळे त्यांना माजी म्हणत. माजी आल्या, बसल्या, पट्टी हातात घेऊन उजेडाकडे केली. रेघांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मधलं बोट मोठं नव्हतं तिचं. तिन्ही सारखीच होती."

शेठ आईकडे बघत राहिले. आपल्याला एक मोठी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच त्यांना माहीत होतं.

माजींनी सांगितलं ते अगदी सपाट आवाजात. मोटार अंगणात निळी करून घेतली होती. रंग ओला होता. कमलानं हात लावला. शेठच्या वडिलांनी तिला मारलं. "फार नाही. एकच. रंग खराब केला म्हणून." त्याच पावसाळ्यात पोरगी तापानं गेली. दिवाळीच्या आत वडिलांनी सगळी मोटार काळी करून घेतली. का, ते कधी बोलले नाहीत, आणि माजींनीही विचारलं नाही.

 आठवडाभर आम्ही ज्याला कोडं म्हणत होतो ते हे होतं. शेठ घाईघाईनं म्हणाले की आबा, काढून टाका ते, खरवडून टाका. आबा माजींकडे बघत होते.

"राहू दे तसंच," माजी म्हणाल्या. "इतकी वर्षं झाकलेलंच होतं."

आबांनी पट्टी दोन्ही हातांनी घेतली. येताना बसमध्ये ती मांडीवर धरून बसले होते. पारोळ्याला मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

मुहूर्ताच्या दिवशी मोटार मिलच्या दारात उभी राहिली आणि लोक खरोखर थक्क झाले. गडद हिरवा रंग, हिरव्या बिजागऱ्या, काळे खटके, हँडलांवर निकेल, आणि प्रत्येक स्क्रू जिथला तिथे. मुंबईहून शेठचे एक परिचित आले होते. त्यांच्याकडे जुन्या चार मोटारी होत्या आणि त्या चारही आबांकडे द्यायचं त्यांनी मनात आणलं होतं. माणूस जाणता होता. वाकून एकेक दार उघडून बघत गेला, खूश होत गेला. डावीकडचं मागचं दार उघडलं आणि थांबला.

हिरव्या दारात तळहाताएवढी पट्टी निळी. तीही ओरखडलेली.

त्यांनी आबांना विचारलं की हे काय. एका स्क्रूच्या रंगावरून वाद घालणारा माणूस आता तासभर बोलेल, अशी माझी खात्री होती. पलीकडे खुर्चीत माजी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"राही गयं," आबा म्हणाले.

परिचितांना ते खरं वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे रंगवायचं विसरलात? मी तोंड उघडलं तसा आबांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

"हा," ते म्हणाले. "वय व्हयनं आते. ध्यानमा ऱ्हात नही."

परिचित हसून दुसरीकडे वळले. त्यांच्या चार मोटारी धुळ्याला कधीच आल्या नाहीत.

पूजा झाली. माजींना गाडीतून गावात एक फेरी मारून आणायचं होतं. त्या डाव्या बाजूनं मागे बसल्या. ड्रायव्हर दार लावायला धावला, पण आबांनी त्याला बाजूला केलं आणि ते दार स्वतः लावलं, तळव्यानं हळूच रेटून, खटका बसल्याचासुद्धा आवाज येऊ न देता.